चव्वेचाळिसांतले त्रेचाळिसावे

(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी कवितेशी ज्यांचा दोन वर्षांपुरता का होईना संबंध आला आहे, त्यांना एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीचे एक सुनीत बहुधा ठाऊक असते. प्रियकरावर आपण कोणकोणत्या परींनी प्रेम करतो, याची मोजदाद करणारे ते सुनीत. निवडक कवितांच्या पुस्तकांत ते हमखास सापडते, भेटकार्डांवर छापले जाते, परदेशांत लग्नसमारंभात वाचून दाखवले जाते. इतकी लोकप्रियता लाभलेल्या कवितेबद्दल आणखी लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन एवढेच, की माझ्या मते या कवितेवर तिच्या लोकप्रियतेनेच अन्याय केला आहे. ती सुटी कविता नाही. चव्वेचाळीस सुनीतांच्या मालेत तिचा क्रमांक त्रेचाळिसावा आहे. आधीची बेचाळीस आणि नंतरचे एक बाजूला ठेवून हे एकच सुनीत वाचणे म्हणजे खटला न ऐकता नुसता निकाल ऐकण्यासारखे आहे. निकाल कानाला गोड लागतो. पण तो कशाचा लागला, कोणाच्या बाजूने लागला आणि कोणी काय गमावले, यांतले काहीच कळत नाही.

सुनीत हा चौदा ओळींचा काव्यप्रकार आपल्याला परका नाही. केशवसुतांनी तो मराठीत आणला, रविकिरण मंडळाच्या कवींनी रुजवला. माधव जूलियन यांचे 'तुटलेले दुवे' ही तर सुनीतांची मालाच आहे. या प्रकाराचे माहेर मात्र इटली. तेथे १४ व्या शतकात पेट्रार्कने लॉरा नावाच्या स्त्रीच्या प्रेमात ३०० हून अधिक सुनीते लिहिली. पहिल्या आठ ओळींत विचार मांडायचा आणि पुढच्या सहा ओळींत त्याला वळण द्यायचे, हा त्याचा साचा. इंग्लंडात सर फिलिप सिडनीची १०८ सुनीतांची माला १५९१ मध्ये छापली गेली, एडमंड स्पेन्सरची ८९ सुनीतांची माला १५९५ मध्ये, आणि शेक्सपिअरची १५४ सुनीते १६०९ मध्ये. या सर्व मालांत बोलतो तो पुरुष. तो झुरतो, रागावतो, विनवतो, स्तुती करतो. जिच्यासाठी हे सारे चालले आहे ती स्त्री बहुधा गप्पच असते. तिचे डोळे कसे, केस कसे, मन किती कठोर, हे आपल्याला कळते. पण तिला स्वतःला काय वाटते ते क्वचितच कळते. लेडी मेरी रॉथ या स्त्रीने १६२१ मध्ये स्वतःची सुनीतमाला छापून ही रीत मोडली होती, परंतु तिचे पुस्तक पुढे जवळजवळ विस्मृतीत गेले. अशा परंपरेत सुमारे सव्वादोनशे वर्षांनंतर एलिझाबेथ बॅरेट लिहायला बसली. आजवर जिची स्तुती होत होती, तीच आता बोलू लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कवयित्रीचे चरित्र थोडक्यात सांगते. जन्म १८०६ चा. घराणे श्रीमंत, त्या श्रीमंतीचे मूळ जमैका बेटावरच्या उसाच्या मळ्यांत, म्हणजे गुलामांच्या घामात. तरुणपणीच तिला आजाराने गाठले. १८४० मध्ये तिचा लाडका भाऊ एडवर्ड पाण्यात बुडून वारला. त्यानंतर लंडनमधल्या विम्पोल स्ट्रीटवरच्या घरातली एक खोली हेच तिचे जग झाले. वडिलांचा दंडक असा, की आपल्या कोणत्याही अपत्याने, मग तो मुलगा असो की मुलगी, लग्न करायचे नाही. १८४४ मध्ये तिचा कवितासंग्रह निघाला आणि तिचे मोठे नाव झाले. तो वाचून रॉबर्ट ब्राउनिंग या तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या कवीने १० जानेवारी १८४५ रोजी तिला पहिले पत्र लिहिले. २० मे रोजी दोघांची पहिली भेट झाली. पुढे १२ सप्टेंबर १८४६ रोजी दोघांनी गुपचूप लग्न केले आणि आठवडाभरातच ती इटलीला निघून गेली. वडिलांनी पुन्हा तिचे तोंड पाहिले नाही. तिने पाठवलेली पत्रे त्यांनी फोडलीसुद्धा नाहीत. पहिल्या पत्रापासून लग्नापर्यंतच्या त्या काळात, रॉबर्टला पत्ता लागू न देता, तिने ही सुनीते लिहिली. त्याला ती दाखवली १८४९ मध्ये, आणि छापली १८५० मध्ये.

इतके खाजगी लेखन स्वतःच्या नावाने उघड करणे तिला प्रशस्त वाटेना. म्हणून ही भाषांतरे आहेत असा बहाणा करायचे ठरले. बोस्नियन भाषेतून भाषांतर, असे म्हणण्याचा एक विचार होता. रॉबर्टने 'पोर्तुगीज' सुचवले आणि मालेचे नाव 'सॉनेट्स फ्रॉम द पोर्तुगीज' असे पडले. या नावात दोघांतली एक खूण होती. १८४४ च्या संग्रहात तिची 'कॅटरिना टू कॅमोएन्स' नावाची कविता होती आणि ती रॉबर्टला फार आवडत असे. कॅमोएन्स म्हणजे पोर्तुगालचा महाकवी कामोंइश. १५५३ मध्ये आपल्या गोव्यात येऊन राहिलेला आणि वास्को द गामाच्या हिंदुस्थानच्या सफरीवर महाकाव्य लिहिणारा. कवितेतली कॅटरिना अंथरुणाला खिळून मरणाची वाट पाहते आहे आणि तिच्या डोळ्यांची स्तुती करणारा कवी दूरदेशी आहे. तेव्हा मालेच्या नावाचा अर्थ 'पोर्तुगीज भाषेतून' असा वरवर दिसला, तरी 'त्या पोर्तुगीज स्त्रीकडून' असाही तो घेता येतो. एलिझाबेथही कॅटरिनेसारखीच आजारी; तिचेही मन मरणाकडे लागलेले. फरक एवढाच, की हिचा कवी समुद्रापलीकडे गेला नाही, दारात येऊन उभा राहिला. मग प्रश्न पडला तो हा, की मरायची तयारी केलेल्या माणसाने दार उघडावे की नाही?

पहिले सुनीत या प्रश्नानेच सुरू होते. आपल्या सरलेल्या उदास वर्षांचा विचार करीत ती बसली आहे. एवढ्यात पाठीमागून कोणीतरी तिचे केस धरून तिला ओढते. हा मृत्यूच असणार, असे ती धरून चालते. पण ज्याने धरले आहे ते प्रेम निघते. हे मोठे विलक्षण आहे. प्रेमाची पहिली ओळख येथे आनंदाने होत नाही, भयाने होते. पुढची कितीतरी सुनीते ती त्याला नाकारण्यात घालवते. तो राजवाड्यात शोभणारा आणि आपण रस्त्याने भटकणारे थकलेले गाणारे, असे ती म्हणते. आपल्या घराच्या खिडक्या मोडक्या असून तेथे वटवाघळे व घुबडे राहतात, असे सांगते. आपले मन म्हणजे राखेने भरलेला कलश आहे, त्या राखेत अजून ठिणग्या आहेत, तेव्हा भाजायचे नसेल तर दूर हो, असे बजावते. सहाव्या सुनीतात तर ती त्याला सरळ निघून जायला सांगते. आणि त्याच दमात कबूल करते की तो गेला तरी त्याची सावली आता सुटणार नाही.

आठव्या आणि नवव्या सुनीतांत दुसरा एक सल पुढे येतो. त्याने इतके दिले, परत देण्यासारखे आपल्यापाशी काय आहे? अश्रूंखेरीज काही नाही, आणि अश्रू का कोणाला द्यायचे असतात? तेराव्यात तिसरी अडचण. तो तिला म्हणतो की तुझे प्रेम शब्दांत सांग. ती ऐकत नाही. स्त्रीच्या मौनावरूनच काय ते ओळख, असे म्हणून ती गप्प बसते. म्हणजे माला अर्धी होण्यापूर्वीच तीन गाठी पडल्या आहेत. पहिली मरणाची, दुसरी रिकाम्या हातांची, तिसरी मिटलेल्या ओठांची.

या गाठी एकदम सुटत नाहीत. चौदाव्या सुनीतात ती प्रथमच मागणी करते, आणि ती मागणी म्हणजे अटच आहे. माझ्या हसण्यावर, दिसण्यावर, हळुवार बोलण्यावर प्रेम करू नकोस, कारण या गोष्टी बदलतील. माझी कीव येते म्हणूनही करू नकोस, कारण तुझ्या सहवासात मी रडणे विसरले तर तुझे प्रेमही आटेल. अठराव्यात ती आपल्या केसांची बट कापून देते. ज्या केसांना धरून पहिल्या सुनीतात तिला मागे ओढले होते, त्याच केसांतले आता ती आपल्या हाताने देते. एकविसाव्यात तीच त्याला, तू प्रेम करतोस हे पुन्हा सांग, पुन्हा सांग, म्हणून विनवते. बाविसाव्यात दोन आत्मे ताठ, समोरासमोर उभे आहेत आणि तिला स्वर्गापेक्षा ही पृथ्वीच बरी वाटते. तेविसाव्यात ती त्याच्यासाठी मरण बाजूला सारून जगणे पत्करते. अठ्ठाविसाव्यात त्याची पत्रे मांडीवर घेऊन चाळते. सगळे सुरळीत झाले असे वाटत असतानाच बत्तिसाव्यात शंका डोके काढते, की जे प्रेम इतक्या लवकर जडले ते तितक्याच लवकर उडून तर जाणार नाही? पस्तिसाव्यात ती विचारते, की तुझ्यासाठी मी सर्व सोडले, तर घरातले बोलणे, आशीर्वाद, रोजची माया या सर्वांच्या जागी तू मला पुरशील का? हा प्रश्न भेटकार्डावर कोणी छापत नाही.

आणि मग त्रेचाळिसावे येते. आता ते वाचून पाहावे. 'प्रेम करते' हे क्रियापद त्यात तब्बल नऊ वेळा आले आहे. सुटे वाचणाऱ्याला ही पुनरुक्ती वाटते, फार तर लाडिक वाटते. पण तेराव्या सुनीतात जिने बोलायलाच नकार दिला होता, ती तीस सुनीतांनंतर तोंड उघडून नऊ वेळा बोलते आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ती पुनरुक्ती वाटणार नाही. एकविसाव्यात जे तिने त्याच्याकडे मागितले होते, पुन्हा पुन्हा सांगणे, तेच ती आता स्वतः त्याला देते आहे. मिटलेल्या ओठांची गाठ येथे सुटते.

दुसरी गाठ रिकाम्या हातांची. या सुनीताच्या पहिल्या आठ ओळींत ती प्रेमाची मापे लावते. आत्मा पोचू शकेल तेवढे लांब-रुंद, उंच-खोल असे एक माप. दुसरे अगदी साधे, उन्हात आणि मेणबत्तीच्या उजेडात रोज लागणाऱ्या मुकाट गरजेएवढे. मग हक्कासाठी झगडणाऱ्या माणसाचे स्वातंत्र्य आणि स्तुतीपासून तोंड फिरवणाऱ्या माणसाची निर्मळता. ही मापे कोणीही कवी लावील. पण पुढच्या सहा ओळींत वळण येते आणि ती आपल्या स्वतःच्या गाठोड्यात हात घालते. तेथून निघते काय? जुन्या दुःखांत खर्च झालेला आवेग, लहानपणची श्रद्धा, हरवलेल्या श्रद्धास्थानांबरोबर हरवल्यासारखे वाटणारे प्रेम, श्वास, हसू, आसवे. आठव्या-नवव्या सुनीतांत ज्या आसवांची तिला लाज वाटत होती, तीच येथे ठेव म्हणून मोजली जातात. देण्यासारखे काही नाही म्हणणारीने दुःखालाच भांडवल केले. हे सुनीत श्रीमंत माणसाने संपत्ती मोजल्यासारखे वाचतात, ही मोठी चूक आहे. हा हिशेब निर्धनाचा आहे.

तिसरी गाठ मरणाची. शेवटच्या ओळीत ती मरणानंतरच्या प्रेमाची गोष्ट करते. सुटे वाचले तर ही प्रेमकवितांची नेहमीची अतिशयोक्ती वाटते. परंतु ज्या मालेच्या पहिल्या सुनीतात प्रेम आले तेच मृत्यूचा भास घेऊन, तिच्या शेवटास मरणाचे नाव घेणे ही सहज गोष्ट नव्हे. तेव्हा मरण धनी होते आणि ती त्याच्या हाती सापडली होती. आता ईश्वराची इच्छा असेल तर, एवढी मर्यादा घालून, ती मरणालाच प्रेमाच्या पुढल्या मुक्कामाची जागा नेमून देते. धनी बदलला.

क्रमांकाची एक गंमतही सांगण्यासारखी आहे. १८५० मध्ये माला छापली गेली तेव्हा तिच्यात त्रेचाळीसच सुनीते होती आणि आपले हे सुनीत बेचाळिसावे होते. १८५६ च्या आवृत्तीत कवयित्रीने आणखी एक सुनीत, पूर्वी वेगळे छापलेले, नेमके त्याच्या आधी आणून बसवले. त्यात ती आपल्या भूतकाळाचे पान उलटते आणि पुढच्या आयुष्यासाठी नवा आरंभ मागते. म्हणजे जुनी वही बंद झाल्यावरच मोजदाद सुरू व्हावी, असे तिला वाटले असावे. ज्या कवयित्रीने सहा वर्षांनंतरही क्रमाचा इतका विचार केला, तिची सुनीते आपण क्रम सोडून वाचावीत हे बरे नव्हे.

आणि त्रेचाळिसावे शेवटचे नाही, हेही विसरू नये. लोक ज्याला कळस समजतात, त्याच्यापुढे तिने आणखी एक पायरी ठेवली आहे. चव्वेचाळिसाव्यात ती म्हणते, की तू मला ऋतूऋतूंत फुले आणून दिलीस, आता माझ्या मनाच्या बागेतली ही फुले, म्हणजे ही सुनीते, तू घे. त्या बागेत कडू तण अजून आहे, ते उपटायचे काम बाकी आहे, हेही ती लपवत नाही. मोठ्या आवाजातल्या घोषणेवर माला संपत नाही. ती संपते एका साध्या देवाणघेवाणीवर, आणि फुलांचे रंग जप या विनवणीवर.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की चांगली कविता स्वयंपूर्ण असली पाहिजे. तुकोबांचा एखादा अभंग आपण सुटा म्हणतोच की! म्हणतो, पण गाथेतला क्रम संग्रह करणाऱ्यांनी लावलेला आहे. येथे क्रम कवयित्रीचा आहे. शिवाय हे सुनीत एकटे उभे राहू शकत नाही, असे माझे म्हणणे नाहीच. ते उभे राहते. मात्र एकटे असताना ते गोड लागते आणि मालेत ते खरे लागते.

दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे. या सुनीतात प्रतिमा नाहीत, नुसती भाववाचक नामे आहेत, असे ते म्हणतात. खरे आहे. ऊन आणि मेणबत्ती सोडली तर डोळ्यांना दिसण्यासारखे त्यात थोडेच आहे. पण मोडकी खिडकी, वटवाघळे, राख, केसांची बट, पत्रांचा गठ्ठा हे सारे आधी येऊन गेले आहे. 'जुनी दुःखे' हे दोनच शब्द आले तरी माला वाचलेल्याला राखेचा कलश दिसतो. न वाचलेल्याला नुसते दोन शब्द दिसतात.

तिसरा आक्षेप असा, की मालेची काय गरज, चरित्र सांगितले म्हणजे झाले. या दोघांच्या प्रेमाची कहाणी लोकांना एवढी आवडते की १९३० मध्ये रुडॉल्फ बेझिए याने विम्पोल स्ट्रीटच्या बॅरेट कुटुंबावर नाटक लिहिले आणि त्यावरून पुढे चित्रपटही निघाले. या कहाणीच्या मोहापायी एक लबाडीही झाली. ही सुनीते १८४७ मध्येच खाजगीरीत्या छापली होती असे दाखवणारी पुस्तिका बाजारात आली. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड या दोघांनी १९३४ मध्ये कागद आणि टाइप तपासून ती बनावट असल्याचे सिद्ध केले. टॉमस वाइज या नामांकित ग्रंथसंग्राहकाचा तो उद्योग होता. तात्पर्य, कवितेपेक्षा कहाणीला गिऱ्हाईक अधिक. पण कहाणी आपल्याला सांगते ती एवढेच, की ती घर सोडून गेली. जाण्यापूर्वी तिने मनात काय काय तोलून पाहिले, ते सुनीतेच सांगतात.

आता आपल्याकडच्या गोष्टीकडे येते. माझ्या मैत्रिणींपैकी कितीतरी जणींना पाहायला पाहुणे येऊन गेले आहेत. पाहतात काय, तर रंग, उंची, चालणे आणि बोलणे हळू आहे की नाही ते. मुलीला विचारण्याची पद्धत अजून फारशी पडलेली नाही. अशा मुलींच्या हाती हे त्रेचाळिसावे सुनीत एकटेच पडले तर त्या त्यातून काय घेणार? आपण कोणावर तरी जीव ओवाळून टाकावा, एवढेच. पण त्याच मालेतले चौदावे सुनीत त्यांनी वाचले, तर त्यांना दिसेल की या बाईने आधी अटी घातल्या आहेत. रूपावर जाऊ नकोस, गोड बोलण्यावर जाऊ नकोस, कीव करू नकोस, हे तिने स्पष्ट सांगितले आहे. ती सहाव्यात नाही म्हणाली आहे, बत्तिसाव्यात तिने शंका घेतली आहे, पस्तिसाव्यात आपण काय सोडतो आहोत याचा जाब विचारला आहे. आणि एवढे सगळे झाल्यावर तिने आपखुशीने होय म्हटले आहे. ज्या होकाराच्या आधी नकार देण्याची मुभा होती, त्याच होकाराला किंमत. त्रेचाळिसाव्या सुनीताची सारी किंमत ही आहे, आणि नेमकी तीच आपल्या निवडक कवितांच्या पुस्तकांतून गळून पडते.

कोणी म्हणेल, हौस असेल त्याने बाकीची वाचावीत, कोणी अडवले आहे? येथे थोडे स्वतःविषयी बोलणे भाग आहे. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे, वडील किंवा ताई-दादा शिकलेले आहेत, त्यांना कोणीतरी सांगते की अगं, हे एकच नाही, मागे-पुढे आणखी आहेत. आमच्यासारख्यांना पाठ्यपुस्तकात छापले तेवढेच जग असते. पानाखाली कवयित्रीच्या जन्ममृत्यूचे सन असतात, गाईडात तयार रसग्रहण असते, आणि परीक्षेत तेच उतरवून गुण मिळतात. ही कविता चव्वेचाळिसांतली एक आहे, हे एक वाक्य जरी तेथे छापले, तरी आमच्यातला एखादा ग्रंथालयाची पायरी चढेल. ते वाक्य नसेल तर कशाच्या शोधात जायचे हेच आम्हांला कळत नाही. म्हणून मी म्हणते, की ही हौसेची गोष्ट नाही, न्यायाची आहे. निवडक उतारे निवडणाऱ्यांनी आपण काय वगळले ते तरी सांगावे.

वेळ पुरत नाही, इंग्रजी जड जाते, ही अडचण मला मान्य आहे. पण हिशेब करून पाहा. चव्वेचाळीस सुनीतांच्या ओळी भरतात ६१६. एका नाटकाच्या मानाने हे काहीच नाही. तेवढेही नको असेल तर पहिले, सहावे, चौदावे, पस्तिसावे, त्रेचाळिसावे आणि चव्वेचाळिसावे, अशी सहाच घ्यावीत. सहा चोक चोवीस आणि साठ, एकूण ८४ ओळी होतात. शब्दकोश जवळ ठेवून रोज एक सुनीत वाचले तर रविवारची सुट्टी घेऊनही आठवड्यात संपतील. परीक्षेत 'या सुनीताचे रसग्रहण करा' या प्रश्नाऐवजी 'तेराव्या सुनीतात जी बोलली नाही ती त्रेचाळिसाव्यात का बोलली?' असा प्रश्न एकदा घालून पाहावा. गाईडात त्याचे उत्तर मिळणार नाही आणि विद्यार्थ्याला पुस्तकच उघडावे लागेल.

आपल्या वाङ्मय मंडळाला माझी विनंती आहे की येत्या वर्षात एका दुपारी ही सहा सुनीते आळीपाळीने मोठ्याने वाचावीत. मराठीत अर्थ सांगत वाचली तरी चालेल. ऐकणाऱ्यांत मुलेही असावीत, कारण अटी त्यांनाच उद्देशून आहेत. वाचन त्रेचाळिसाव्यावर थांबवू नये. त्यानंतर टाळ्या पडतील. त्या शांत होऊ द्याव्यात आणि मग चव्वेचाळिसावे वाचावे. फुले देऊन झाल्यावरही बागेत तण उरते आणि ते दोघांनी मिळून काढायचे असते, हे ऐकल्यावाचून कोणी घरी जाऊ नये.